कल्याणचा वेढा उठवणारा कर्नल आणि लंडनने काढून घेतलेला हुद्दा

१/ दर जानेवारीत वडगावच्या विजयाचे स्मरण होते आणि त्या स्मरणाला हमखास एक शेपूट जोडले जाते. इंग्रज हरले खरे, पण हरल्यावर त्यांनी काय केले पाहा : नालायक सेनापतींना घरी बसवले आणि चंदावळ लढवणाऱ्या एका साध्या कॅप्टनला थेट लेफ्टनंट कर्नल केले. त्यांच्याकडे गुणांची कदर होती म्हणून राज्य आले; आपल्याकडे वशिला होता म्हणून गेले.

२/ या गोष्टीतला कॅप्टन खरा आहे. त्याचे नाव जेम्स हार्टले. त्याला मिळालेली बढतीही खरी आहे. खोटा आहे तो तिचा शेवट, कारण गोष्ट १७७९ मध्येच थांबवली जाते. पुढची तीन वर्षे वाचली तर दिसते ते असे : ती बढती लंडनने अमान्य केली, हार्टलेला दाद मागण्यासाठी इंग्लंडला जावे लागले, आणि ती दाद लागली नाही. धागा लांब आहे. वाटेत ठाणे, कल्याण, मलंगगड आणि दुगाड लागतील.

३/ पार्श्वभूमी थोडक्यात. डिसेंबर १७७४ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी बळकावली. आज त्याच किल्ल्यात ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. साष्टी पचवायची तर पुण्यात आपल्या हातचा पेशवा हवा, म्हणून राघोबादादांना गादीवर बसवण्याचा घाट घातला गेला. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी आणि त्याच्या कौन्सिलने नोव्हेंबर १७७८ मध्ये सुमारे चार हजारांची फौज घाटावर धाडली.

४/ या फौजेला एक सेनापती नव्हता, समिती होती. कर्नल चार्ल्स इगर्टन, जॉन कारनॅक आणि मॉस्टिन. मॉस्टिन लवकरच आजारी पडून वारला, इगर्टनही आजारी झाला आणि नेतृत्व लेफ्टनंट कर्नल कॉकबर्नकडे गेले. सामान ओढायला १९,००० बैल होते. बोरघाट चढून तळेगाव गाठायला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला. कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठ्यांनी ज्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले तोच हा.

५/ ९ जानेवारी १७७९ रोजी तळेगाव हाती आले तेव्हा ते मराठ्यांनीच जाळून रिकामे केलेले होते. पुणे अवघ्या काही कोसांवर. तिथे समितीचा धीर सुटला. ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून, साठे पेटवून फौज मागे फिरली. मराठ्यांना हे कळायला वेळ लागला नाही. पहाटेपासून जो मारा सुरू झाला तो चंदावळीवर, आणि चंदावळ हार्टलेच्या हाती होती.

६/ ती चंदावळ फुटली नाही. मुंबईच्या पलटणीतले हिंदी शिपाई हार्टलेबरोबर दुपारपर्यंत टिकून राहिले आणि फौज कशीबशी वडगावात शिरली. समितीने तहाची बोलणी काढली तेव्हा हार्टलेने विरोध केला, माघारीची आखणीही पुढे मांडली. कॉकबर्नने फौज नेता येणार नाही असे सांगितले. मग फार्मरला मराठ्यांच्या छावणीत पाठवले गेले आणि महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने करार झाला. त्यात ठाणे आणि साष्टी परत देण्याचे कलम होते.

७/ मुंबईने तो करार झटकून टाकला आणि मग दोषवाटप सुरू झाले. इगर्टन, कॉकबर्न आणि कारनॅक यांना कंपनीच्या संचालकांनी नोकरीतून काढले. ज्या कौन्सिलने ही मोहीम आखली, जिने एका फौजेला तीन डोकी दिली, तिचा प्रमुख हॉर्नबी मात्र १७८४ पर्यंत गव्हर्नर राहिला. लोकप्रिय गोष्टीतली ‘नालायकांना घरी बसवले’ ही ओळ एवढ्यापुरतीच खरी आहे.

८/ याच हॉर्नबीच्या कौन्सिलने हार्टलेला कॅप्टनचा लेफ्टनंट कर्नल केले. मधली मेजरची पायरी गाळली. तो निर्णय योग्य होता यात शंका नाही. पण पराभवानंतर कौन्सिललाही एक शूर माणूस दाखवायला हवाच होता, हेही विसरू नये.

९/ आता कंपनीच्या सैन्याची एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. राजाच्या सैन्यात त्या काळी हुद्दे विकत मिळत. कंपनीच्या सैन्यात तसे नव्हते. तिथे शिडी होती ती ज्येष्ठतेची. आधी भरती झालेला आधी वर जाणार. निवृत्तिवेतनाची नियमित सोय १७९६ पर्यंत नव्हती. म्हणजे अधिकाऱ्याची सारी कमाई एकाच गोष्टीवर : जिवंत राहणे आणि पायरीगणिक वाढणारा भत्ता व लुटीचा वाटा. वरचा माणूस मरेल किंवा जाईल तेव्हा खालच्याचे नशीब उघडणार.

१०/ अशा शिडीवर एक कॅप्टन उडी मारून वर गेला की त्याने ओलांडलेल्या प्रत्येक माणसाच्या खिशातून काहीतरी गेले. त्या वरिष्ठांची तक्रार निव्वळ मत्सराची नव्हती. मुंबईच्या कौन्सिलला एकदा अशी उडी देण्याची मुभा मिळाली, तर उद्या ती गव्हर्नरच्या भाच्यालाही मिळणार, ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. संचालकांची बाजू मांडायची तर ती एवढीच आणि ती बऱ्यापैकी भक्कम आहे.

११/ मात्र त्या काळचे टपाल ध्यानात घ्या. केपला वळसा घालून मुंबईचे पत्र लंडनला पोहोचायला सहा-सात महिने, उत्तर यायला साधारण तितकेच. त्यामुळे १७७९ ते १७८१ या काळात हार्टले जो हुद्दा लावून लढत होता, तो लंडनच्या टेबलावर कायम झालेलाच नव्हता. आणि याच काळात त्याने जे केले, त्यातले बरेचसे कल्याणच्या परिसरात केले.

१२/ फेब्रुवारी १७८० मध्ये जनरल गॉडर्डच्या हाताखाली अहमदाबादच्या तटावर चढणाऱ्या तुकडीचे नेतृत्व हार्टलेने केले. इकडे मराठ्यांनी मुंबई आणि ठाण्याची रसद तोडली होती, म्हणून इंग्रजांनी घाटाच्या पायथ्यापर्यंतचे कोकण घेण्याचे ठरवले. कल्याण घेतले गेले आणि तिथे कॅप्टन रिचर्ड कॅम्बेल तैनात झाला. नाना फडणविसांना कल्याणचे मोल ठाऊक होते. त्यांनी मोठी फौज उतरवली, घाटाजवळचे इंग्रजांचे ठाणे मारले आणि कल्याणला वेढा घातला.

१३/ शहर सोडा, नाहीतर कैदी मारू, असा निरोप कॅम्बेलला गेला. त्याने नकार दिला. २५ मेच्या सकाळी मराठे निर्णायक हल्ला चढवणार होते. २४ तारखेला हार्टले येऊन पोहोचला आणि त्याने मराठ्यांच्या छावणीवर अचानक छापा घातला. वेढा उठला. खाडीकाठच्या दुर्गाडीवर उभे राहून कल्याणचा इतिहास सांगणाऱ्यांनी आरमाराबरोबर हा मे महिनाही सांगायला हरकत नाही, जरी तो आपल्या पराभवाचा असला तरी.

१४/ ऑगस्टमध्ये कॅप्टन अ‍ॅबिंग्टन कल्याणहून रातोरात निघून मलंगगडावर गेला. डोंबिवली-अंबरनाथच्या गच्च्यांवरून दिसणारा तोच डोंगर. खालचा भाग त्याने घेतला. पण गडकरी वरच्या बालेकिल्ल्यात गेले आणि तिथून हटले नाहीत. उलट खालून मराठी फौजेने अ‍ॅबिंग्टनलाच कोंडले. वेढा घालायला गेलेला स्वतः वेढ्यात सापडला. ऑक्टोबरच्या आरंभी त्याची सुटका करायला पुन्हा हार्टलेच गेला.

१५/ आणि मग दुगाड. भिवंडीहून वज्रेश्वरीकडे जाताना गुमताऱ्याच्या पायथ्याशी असलेले हे गाव. गॉडर्डने वसईला वेढा घातला होता आणि घाटावरून येणारी मराठ्यांची कुमक अडवायचे काम हार्टलेकडे होते. त्याच्याजवळ सुमारे दोन हजार माणसे. समोरची फौज इंग्रजी वृत्तान्तांत वीस हजारांची सांगितली आहे. जिंकणारे शत्रूची संख्या कमी सांगत नाहीत हे ध्यानात ठेवूनही ती बरीच मोठी होती. १०, ११ आणि १२ डिसेंबर असे तीन दिवस ही लढाई चालली.

१६/ वसई ११ तारखेलाच पडली होती. तरी १२ तारखेच्या सकाळी दाट धुक्यातून मराठ्यांचा सेनापती स्वतः पुढे आला. त्याच्या सोबत नरोन्हा नावाचा पोर्तुगीज अधिकारी होता. धुके एकाएकी फाटले, तेव्हा दोन्ही फौजा एकमेकींच्या अगदी जवळ उभ्या होत्या. सेनापती ठार झाला, नरोन्हा जखमी झाला, फौज मागे हटली. त्या सेनापतीचे नाव रामचंद्र गणेश कानडे.

१७/ इथे थोडे थांबावे लागेल, कारण ‘आपल्याकडे वशिला, त्यांच्याकडे गुण’ म्हणणाऱ्यांना हे नाव बहुधा आठवत नाही. १७६९ मध्ये थोरल्या माधवरावांनी उत्तरेत जी मोठी मोहीम धाडली, तिचे प्रमुखपद याच रामचंद्र गणेशांकडे होते. बरोबर विसाजी कृष्ण बिनीवाले, महादजी शिंदे, तुकोजी होळकर. रामचंद्र गणेश आणि विसाजी कृष्ण यांचे पटेना. अखेर पेशव्यांनी रामचंद्र गणेशांना परत बोलावले आणि मोहीम विसाजी कृष्णांच्या हाती गेली.

१८/ म्हणजे दुगाडच्या धुक्यात समोरासमोर आलेल्या दोन माणसांपैकी एकाच्या कारकिर्दीवर अर्ध्या मोहिमेतून परत बोलावल्याचा डाग होता, आणि दुसऱ्याचा हुद्दा लंडनमध्ये अधांतरी लटकत होता. पुण्यात अपिलाची पायरी नव्हती, संचालक मंडळ नव्हते; धन्याची मर्जी आणि पुढची मोहीम, एवढीच दाद. ती व्यवस्था चांगली होती असे कुणी म्हणणार नाही. पण परत बोलावलेल्या त्या सरदाराला पुण्याने दहा वर्षांनी पुन्हा फौज दिली, हेही तितकेच खरे.

१९/ लंडनने काय केले? हार्टलेच्या कामगिरीत त्यांनी काही खोट काढली नाही. कल्याण, मलंगगड, दुगाड यांबद्दल एक शब्दही त्याच्या विरोधात नव्हता. प्रश्न फक्त शिडीचा होता. त्याने ओलांडलेल्या अधिकाऱ्यांवर अन्याय झाला म्हणून त्यांना बढत्या मिळेपर्यंत त्याचा हुद्दा आणि त्याचे वेतन स्थगित. नियम मोडला तो मुंबईच्या कौन्सिलने. नोंद खाली आली ती हार्टलेची. ज्या गव्हर्नरने सही केली, त्याच्या खुर्चीला धक्का लागला नाही.

२०/ अशा निर्णयाविरुद्ध अपील करणे किती अवघड असते पाहा. ‘तुम्ही भित्रे आहात’ असा ठपका असता तर तो चंदावळीचे, दुगाडचे साक्षीदार उभे करून खोडून काढता आला असता. इथे ठपकाच नव्हता. तुम्ही उत्तम आहात, पण तुमची पाळी नाही, याला पुरावा कोणता देणार? १७८१ च्या अखेरीस हार्टले जहाजात बसला आणि आपले गाऱ्हाणे घेऊन स्वतः लंडनला गेला. संचालकांनी त्याच्या सेवेची दखल घेतली. निर्णय बदलला नाही.

२१/ यावर कुणी म्हणेल : नियम तो नियम, कंपनी निदान सर्वांना एकाच मापाने तरी मोजत होती. तर मग सर रॉबर्ट फ्लेचरचे काय? १७६६ मध्ये क्लाइव्हने बंगालच्या अधिकाऱ्यांचा भत्ता कापला तेव्हा त्यांनी सामूहिक राजीनाम्यांचा कट केला. मुंगेरच्या ब्रिगेडचा प्रमुख फ्लेचर त्यात सामील असल्याचे निघाले. कोर्टमार्शल होऊन त्याला सैन्यातून काढले गेले.

२२/ फ्लेचर इंग्लंडला परतला. तिथे त्याचे मित्र होते, कंपनीच्या भागधारकांत क्लाइव्हचे शत्रू होते, आणि लवकरच तो पार्लमेंटचा सभासदही झाला. संचालकांनी त्याला पुन्हा सेवेत घेतले. एवढेच नव्हे, मद्रासच्या फौजेचा सेनापती करून पाठवले. तिथे १७७६ मध्ये मद्रासच्या गव्हर्नरला, लॉर्ड पिगॉटला, पकडून कैदेत टाकण्याच्या कारस्थानात हाच सेनापती होता. कटात सापडलेल्या माणसाची नोंद लंडनमध्ये पुसली गेली. दुगाड लढलेल्याची पुसली गेली नाही. हे एकच माप म्हणायचे असेल तर ते लेडनहॉल स्ट्रीटवरच्या मतांचे माप होते.

२३/ लोकप्रिय गोष्टीचा बचाव करणारे मग शेवटचा हुकमी पत्ता टाकतात : पण राजाने त्याला न्याय दिला! संचालकांनी राजाकडे शिफारस केली आणि भारतासाठी नव्याने उभारलेल्या ७५ व्या पलटणीत हार्टलेला लेफ्टनंट कर्नलची सनद मिळाली, हे खरे आहे. १७८८ मध्ये तो मुंबईला परतला. पण याला न्याय म्हणत नाहीत. कंपनीच्या दप्तरातली नोंद जशीच्या तशी राहिली. माणूस दुसऱ्या दाराने आत आला.

२४/ आणि या दुसऱ्या दाराचा परिणाम मजेदार आहे. एकाच हुद्द्याच्या दोन अधिकाऱ्यांत राजाची सनद असलेला वरचढ, ही कंपनीच्या अधिकाऱ्यांची फार जुनी तक्रार होती. ज्येष्ठतेची शिडी जपण्यासाठी ज्याला खाली उतरवले, तो राजाची सनद घेऊन परतला. शिडी काही वाचली नाही. फक्त सात-आठ वर्षे गेली.

२५/ म्हणून १७७९ ला थांबणारी गोष्ट सोडून द्यावी. कंपनीने मराठ्यांना हरवले त्याची कारणे पैसा, कर्ज काढण्याची ताकद, समुद्र आणि तीन इलाख्यांची एकमेकांना मिळणारी कुमक अशा ठिकाणी शोधावी लागतात. ‘तिथे गुणाला वाव होता’ हे त्यांतले कारण नव्हे. निदान हार्टलेच्या उदाहरणाने ते सिद्ध होत नाही. शिवाय ज्या युद्धात हे सारे घडले, त्याच्या शेवटी १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडे राहिली, पण वसई आणि कल्याण पुन्हा मराठ्यांकडे आले.

२६/ आजच्या वाचकाला हे प्रकरण दूरचे वाटू नये. भारतीय सैन्यात ‘तीव्र नाराजी’ नोंदवण्याची एक प्रशासकीय शिक्षा आहे. ती कोर्टमार्शलची शिक्षा नव्हे. सैन्याच्या अंतर्गत आदेशांनी चालते. तरी एका पानाची ही नोंद पुढच्या प्रत्येक निवड मंडळासमोर ठेवली जाऊ शकते. सैन्य अधिनियम १९५० च्या कलम २७ प्रमाणे वरिष्ठाकडून अन्याय झाला असे वाटणारा अधिकारी केंद्र सरकारकडे तक्रार करू शकतो. अर्ज पुन्हा वरच्याच साखळीतून जातो. हार्टलेही तेच करत होता. त्याची साखळी फक्त समुद्रापलीकडे होती.

२७/ फरक पडला तो २००७ च्या सशस्त्र दल न्यायाधिकरण अधिनियमाने. आता साखळीबाहेरचे न्यायपीठ मूळ कागद मागवून वाचू शकते. मुंबईतही त्याचे खंडपीठ आहे. कारगिल युद्धात बटालिक भागात ७० इन्फन्ट्री ब्रिगेडचे नेतृत्व केलेल्या ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या कामगिरीच्या अहवालावरचा वाद याच न्यायाधिकरणापुढे गेला आणि २०१० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. युद्धानंतर अकरा वर्षांनी. तोवर ते निवृत्त झाले होते. तरीही त्या निकालाने वाद मुळाशी नेला : रणात काय घडले आणि कागदावर काय लिहिले गेले. हार्टलेच्या अर्जाला हा प्रश्न विचारणारे कुणी भेटलेच नाही.

२८/ हार्टलेचे पुढे काय झाले? डिसेंबर १७९० मध्ये मलबारात तिरुरंगाडीला त्याने टिपूच्या हुसेन अलीचा पराभव केला. १७९६ मध्ये तो मेजर जनरल झाला. १७९९ च्या म्हैसूर युद्धात मुंबईच्या फौजेबरोबर होता. ४ ऑक्टोबर १७९९ रोजी कण्णूरला वारला.

२९/ आणि वडगावचा तो बडतर्फ कारनॅक? तो हिंदुस्थानातच राहिला आणि वर्षभराने, नोव्हेंबर १८०० मध्ये, त्याच किनाऱ्यावर मंगळूरला वारला. त्याची मालमत्ता आणि त्याचे आडनाव मेहुण्याच्या, रिव्हेट घराण्याकडे गेले. त्या घराण्यातला सर जेम्स रिव्हेट कारनॅक १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. मशीद बंदरच्या पुलाला त्याचेच नाव होते. ठाणे-कल्याणहून सीएसएमटीला जाणाऱ्या प्रत्येक गाडीने वर्षानुवर्षे त्या पुलाखालून ये-जा केली. जुलै २०२५ मध्ये नवा पूल खुला झाला तेव्हा त्याचे नाव ‘सिंदूर पूल’ ठेवले गेले.